लोखंडी पेटी आणि गांवची पत



खाम नदीच्या कांठीं वसलेल्या शहरानें जहाजांच्या गोष्टी सांगाव्या, हें कोणाला वाळवंटांत पोहण्याचे धडे देण्यासारखें वाटलें तर त्याला फारसा दोष देतां येणार नाहीं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच कालपरवांपर्यंतचें औरंगाबाद, समुद्रापासून रस्त्यानें साडेतीनशें किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. तथापि वाळूज, चिकलठाणा अथवा शेंद्रा येथील कारखान्यांच्या आवारांत डोकावल्यास एक लांबट लोखंडी पेटी ट्रेलरवर चढवून ठेवलेली पुष्कळदां दृष्टीस पडते. व्यवहारांत तिला कंटेनर म्हणतात. तींत माल भरला जातो, दारें ओढून घेतलीं जातात, कडींत सील अडकविलें जातें. आणि मग ती पेटी आफ्रिकेंतील अथवा दक्षिण अमेरिकेंतील एखाद्या व्यापाऱ्याच्या वखारीसमोर उघडेपर्यंत बहुधा एकही मनुष्य तिच्या आंत पाहत नाहीं.

या शेवटच्या गोष्टीचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. हजारों मैलांच्या प्रवासांत जी वस्तु कोणी पाहत नाहीं, तिच्याविषयीं सर्वांनीं विश्वास ठेवावयाचा तो कशाच्या आधारावर? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या भूभागाला परदेशचा व्यापार नवा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेलें 'पेरिप्लस' नांवाचें समुद्रवर्णन आजही उपलब्ध आहे. त्यांत दक्षिणेंतील दोन पेठांचा उल्लेख येतो: एक पैठण आणि दुसरी तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर, असा त्या लेखकाचा हिशेब आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरहून नाना प्रकारचें कापड, रस्ता नसलेल्या मुलखांतून गाड्यांत घालून भडोचला नेत असत, असें तो सांगतो. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या इटलींतील पाँपेई शहरांत १९३८ सालीं एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तिच्याशीं साम्य असलेल्या आकृति तेर आणि भोकरदन येथें मिळाल्या आहेत. अर्थात् मराठवाड्यांतील माणसाचें समुद्राशीं नातें दोन सहस्र वर्षांचें आहे.

त्या व्यापारांत माल मंद गतीनें चाले, परंतु तो उघडा चाले. गाडीवानानें गांठोडें उचललें, घाटांत बैल बदलतांना तें उतरलें, बंदरावर खारव्यानें तें पुनः तपासलें. दर मुक्कामाला नवे हात आणि नवे डोळे. माल भिजला असेल तर वास येई. वजनांत खोट असेल तर खांद्याला कळे.

हीच रीत फार मोठ्या प्रमाणावर परवांपरवांपर्यंत चालू होती. सुमारें १९०० सालीं मनमाडहून औरंगाबाद व जालन्यावरून हैदराबादेकडे जाणारा मीटर गेजचा लोहमार्ग सुरू झाला. पुढें या भागांतील माल मनमाडला उतरून मोठ्या मार्गावरील डब्यांत पुनः चढे आणि मुंबईच्या गोदींत पोंचे. तेथें प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा या गोद्यांत हजारों हमाल पोतीं, गांसड्या, पिंपें आणि खोकीं एकेक करून जहाजाच्या पोटांत रचीत. एक जहाज भरून होण्यास कित्येक दिवस लागत. त्यांत माल फुटे, भिजे, आणि कांहीं वाटेंतच नाहींसाही होई.

उघड्या मालांतही धोका नव्हता असें मात्र नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा जो प्रलयंकर स्फोट झाला, त्याचें कारण त्याच्या पोटांतील शेजाऱ्यांत होतें. सुमारें १,४०० टन दारूगोळा आणि कापसाच्या हजारों गांसड्या एकाच जहाजांत भरल्या होत्या. कापूस धुमसूं लागला आणि दारूगोळ्यापर्यंत आंच पोंचली. शेंकडों माणसें मेलीं, गोदी उद्ध्वस्त झाली, जहाजांतील सोन्याच्या विटा दूरवर उडून पडल्या. कोणत्या मालाशेजारीं कोणता माल ठेवावा हा प्रश्न हिशेबनिसाचा नसून जिवाचा आहे, हा धडा मुंबईनें फार मोठी किंमत देऊन घेतला.

आतां पेटीकडे वळूं. अमेरिकेंतील माल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाहतूक करणारा गृहस्थ. बंदरावर आपल्या ट्रकांतील माल एकेक नग करून उतरतांना त्यानें पाहिला आणि त्याला वाटलें कीं, माल उतरण्याऐवजीं ट्रकची पेटीच उचलून जहाजावर कां ठेवूं नये? २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' हें जहाज अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें. त्या वेळीं हातांनीं माल चढविण्यास टनामागें ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. पेटीच्या पद्धतीनें तो सुमारें १६ सेंटांवर आला, असा आंकडा त्या काळच्या हिशेबांतून दिला जातो. हा फरक इतका मोठा होता कीं, पुढील पंचवीस-तीस वर्षांत जगांतील बंदरांचें रूपच पालटलें.

या पेटीचें सामर्थ्य तिच्या एकसारखेपणांत आहे. रुंदी आठ फूट, उंची बहुधा साडेआठ फूट, लांबी वीस किंवा चाळीस फूट. आठही कोपऱ्यांना भोंकें असलेले पोलादी ठोकळे. या ठोकळ्यांत क्रेनच्या खुंट्या अडकतात, ट्रेलरच्या कड्या बसतात, आणि एकीवर दुसरी पेटी पक्की जखडतां येते. मोटारसायकली असोत कीं बियाणें असो, औषधें असोत कीं यंत्राचे भाग असोत. क्रेनला त्याच्याशीं कर्तव्य नाहीं. तिला फक्त ते आठ कोपरे ओळखीचे असतात.

प्रत्येक पेटीच्या अंगावर चार रोमन अक्षरें आणि सात आंकडे रंगविलेले असतात. त्यांतील शेवटचा आंकडा मोठा गमतीचा आहे. प्रत्येक अक्षराला एक मूल्य ठरवून दिलेलें आहे. पहिल्या स्थानावरील मूल्यास १ नें, दुसऱ्यास २ नें, तिसऱ्यास ४ नें, असें दर स्थानाला दुप्पट करीत गुणावयाचें. सर्वांची बेरीज करून तिला ११ नें भागावयाचें. जी बाकी राहील ती त्या शेवटच्या आंकड्याशीं जुळली पाहिजे. बाकी १० उरल्यास शून्य धरतात. एखाद्या कारकुनानें एक आंकडा चुकून लिहिला तर बहुतेक वेळां ही चूक तत्काळ उघडी पडते. चौथीच्या मुलाला येणारें गणित, परंतु जगाचा व्यापार त्यावर चालतो.

पेटीचा क्रमांक खोटा निघाला तर गणित तो पकडतें. पेटीच्या आंत काय आहे हें पकडणारें असें कोणतेंही गणित नाहीं.

येथेंच जुन्या आणि नव्या पद्धतींतील खरा भेद आहे. हमालाचा खांदा हा एक प्रकारचा तराजूच होता. पंचवीस किलोच्या म्हणून लिहिलेल्या पोत्यांत चाळीस किलो असतील तर तो दोन शिव्या हांसडून पोतें खालीं ठेवी. कंटेनर आल्यावर तो खांदा गोदींतून गेला. मुंबईच्या गोदींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या हजारों कुटुंबांचें अन्न त्याबरोबर गेलें. स्वस्त भाड्याचा हिशेब मांडतांना ही खर्चाची बाजू विसरणें न्यायाचें होणार नाहीं. पुढें प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या बुजविण्यांतही आल्या. माणसाबरोबर त्याची नजर गेली, आणि त्या नजरेच्या जागीं उरला तो एक कागद: माल पाठविणाऱ्यानें स्वतः सही करून दिलेला.

आपल्या देशांत या पद्धतीला खरा जोर आला तो २६ मे १९८९ रोजीं न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर. त्याच्या एक वर्ष अगोदर, १९८८ सालीं, कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली होती. बंदरापासून दूर असलेल्या गांवांत अंतर्देशीय आगारें उभारून कस्टमची तपासणी तेथेंच उरकावी, आणि पेटी रेल्वेनें वा रस्त्यानें थेट धक्क्यावर न्यावी, ही कल्पना. देवगिरीच्या किल्ल्याजवळ माळीवाडा येथें असें आगार झालें. जालन्याजवळ कोरड्या बंदराची कोनशिला डिसेंबर २०१५ मध्यें बसविण्यांत आली. १९९० च्या दशकांत मनमाडकडील लोहमार्ग रुंद झाल्यानें माल उतरवून पुनः चढविण्याचा जुना फेरा टळला, आणि जून २०२५ मध्यें समृद्धि महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाल्यावर जिल्ह्यांतून मुंबईच्या दिशेनें सलग मोठा रस्ता मिळाला. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आज बजाजचीं दुचाकी व तीनचाकी वाहनें समुद्रापलीकडे अनेक देशांत धांवत आहेत. ज्या गांवाला समुद्र नाहीं त्याच्या दारांत समुद्राची एक पायरी येऊन ठेपली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या पायरीवर काय घडतें तें पाहूं. रिकामी पेटी कारखान्यांत येते तेव्हां जाणता मुकादम प्रथम तिच्या आंत शिरून बाहेरून दारें लावून घेण्यास सांगतो. आंत मिट्ट काळोख झाला पाहिजे. कोठें प्रकाशाचा बिंदु दिसला तर तेथूनच उद्यां पाणी येणार. मग फळ्यांची जमीन कोरडी आहे कीं नाहीं, मागील मालाचा वास उरला आहे कीं काय, हें पाहतात. नंतर भरणी. जड माल खालीं, हलका वर. आणि निम्म्या लांबींत एकूण वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मधल्या पोकळ्या भरून काढाव्या लागतात, कारण समुद्रावर जहाज डावीउजवीकडे कलतें आणि मोकळा राहिलेला नग हातोड्यासारखा पेटीच्या भिंतीवर आदळत राहतो. खोक्यांचें वा पॅलेटचें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णतेवर किमान ३० मिनिटें तापवून, अथवा दुसरा मान्य उपचार करून, त्यावर तसा शिक्का घ्यावा लागतो. नाहींतर एखादी कीड एका खंडांतून दुसऱ्या खंडांत जाईल.

याहून सूक्ष्म शत्रु म्हणजे ओल. भर पावसाळ्यांत दमट हवेसह पेटी बंद झाली, आंतील लांकूड ओलसर राहिलें, आणि जहाज थंड प्रदेशांत शिरलें, म्हणजे पेटीच्या छताला आंतून दंव सुटतें. तें थेंबाथेंबानें मालावर पडतें. बाहेर पाऊस नसतांना आंत पाऊस पडतो. खोकीं बुरसटतात, लोखंड गंजतें, आणि सहा आठवड्यांनीं पेटी उघडणारा ग्राहक कपाळावर आठी घालून म्हणतो, "हा माल असाच पाठविला होता काय?" त्याला वाळूजमधील पावसाची हकीकत सांगून उपयोग नसतो. शोषक पुड्यांचे चार पैसे ज्यानें वांचविले, त्यानें पुढचीं मागणीपत्रें घालविलेलीं असतात.

परंतु मालाचें नुकसान ही तुलनेनें लहान गोष्ट आहे. जानेवारी २००७ मध्यें 'एम.एस.सी. नेपोली' हें मोठें जहाज इंग्लिश खाडींत वादळांत तडकलें. सुदैवानें त्यावरील सव्वीसही खलाशी वांचले. अपघाताचें मुख्य कारण जहाजाच्या सांगाड्यांतील दुर्बलता हें होतें. पण चौकशींत डेकवरील कोरड्या राहिलेल्या सुमारें ६६० पेट्यांचीं वजनें ताडून पाहिलीं, तेव्हां त्यांतील १३७ पेट्यांचें प्रत्यक्ष वजन कागदावरील वजनाहून तीन टनांपेक्षां अधिक फरकानें भिन्न निघालें. पांच पेट्यांमागें एक पेटी खोटें बोलत होती! जहाजाचा कप्तान कोणती पेटी खालीं आणि कोणती वर हें कागद पाहून ठरवितो. कागदच खोटा असेल तर त्याची विद्या काय करणार?

या व अशा अनुभवांनंतर १ जुलै २०१६ पासून जगभर असा नियम झाला कीं, भरलेल्या पेटीचें पडताळलेलें वजन कळविल्याशिवाय ती जहाजावर चढवूं नये. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, भरलेली पेटी वजनकाट्यावर तोलणें. दुसरा, आंतील प्रत्येक नग, पॅलेट व अडणी तोलून त्यांत रिकाम्या पेटीचें वजन मिळविणें. दोन्ही मार्गांत सही करणारा माणूस माल पाठविणाराच असतो. नियम झाला म्हणून प्रामाणिकपणा आपोआप येत नाहीं; नियमानें फक्त जबाबदारीचें नांव ठरविलें.

दुसरें उदाहरण आपल्या शेजारचें आहे. मे २०२१ मध्यें 'एक्स-प्रेस पर्ल' या अगदीं नव्या जहाजावर एका पेटींतून नायट्रिक आम्ल गळत असल्याचें लक्षांत आलें. कतारमधील हमाद आणि गुजरातमधील हजिरा या बंदरांत ती पेटी उतरवून घेतली गेली नाहीं. कोलंबोजवळ जहाज पेटलें, आणि २ जून रोजीं बुडूं लागून समुद्रतळाला टेंकलें. त्यावरील पेट्यांतून सांडलेले प्लास्टिकचे बारीक दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले, आणि कोळ्यांचीं जाळीं कित्येक दिवस सुकत पडलीं. ज्या कोळ्याच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला, त्यानें ती गळकी पेटी कधीं पाहिलीही नव्हती. १९४४ सालच्या मुंबईंतील प्रश्न जसाच्या तसा पुनः उभा राहिला होता. फरक इतकाच कीं, या वेळीं माल भिंतीआड होता.

हा विषय केवळ कारखानदारांचा आहे, असें मात्र कोणी समजूं नये. शहरांतील कित्येक सुशिक्षित घरांतील मुलें-मुली परदेशीं स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांच्यामागून पितळेचीं भांडीं, पुस्तकांचे गठ्ठे, आजीचा लांकडी देव्हारा असा संसारही समुद्रावरून जातो. असा माल पेटीभर नसतो. म्हणून अनेकांचा माल एका पेटींत एकत्र भरतात. त्या पेटींत आपला शेजारी कोण आहे हें कोणाला माहीत नसतें. मग यादींत 'घरगुती सामान' एवढेंच लिहून त्यांत तेलाचा डबा, फटाक्यांचें खोकें अथवा मोबाइलची जुनी बॅटरी गुपचूप सरकविण्याचा मोह कोणाला झाला, तर तो काय करतो याचा विचार व्हावा. डबा फुटला तर दुसऱ्याच्या पुस्तकांची माती होते. ज्वालाग्राही वस्तु निघाली तर साऱ्या पेटीला धोका. आणि तिकडच्या कस्टमनें पेटी अडविली तर त्या एका वस्तूपायीं दहा कुटुंबांचा संसार महिनोन्‌महिने वखारींत पडून राहूं शकतो. म्हणून यादी करतांना प्रत्येक नग मोजावा, त्याचें खरें नांव लिहावें, आणि ज्या वस्तूचें नांव लिहावयास संकोच वाटतो ती वस्तु पाठवूं नये. इतका साधा नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

आतां गांवच्या पतीविषयीं. व्यापारांत पत ही एका दुकानाची असते तशी ती गांवाचीही असते. २०१७ पासून आपल्या देशांत परवानगी मिळालेल्या निर्यातदाराला स्वतःच्या आवारांत इलेक्ट्रॉनिक सील लावून पेटी रवाना करण्याची मुभा आहे. प्रत्येक वेळीं सरकारी अधिकाऱ्यानें उभें राहण्याची गरज उरली नाहीं. याचा अर्थ सरकारनें त्याच्यावर विश्वास टाकला आहे. एखाद्या गांवाच्या पेट्या सरळ निघत असल्या कीं तेथील माल धक्क्यावर विनाखोळंबा जातो. चार पेट्यांत कागद आणि माल यांची फारकत सांपडली, कीं संशयाची नजर शेजारच्या पांचव्या प्रामाणिक पेटीवरही पडते. ती उघडली जाते, जहाज चुकतें, ग्राहकाला दिलेली तारीख टळते. लबाडी करणारा पुष्कळदां नवें नांव घेऊन दुसरा धंदा मांडतो. त्याची शिक्षा भोगतो तो नेकीनें वागणारा लहान कारखानदार, ज्याचें सारें भांडवल त्या एका पेटींत अडकलेलें असतें, आणि त्याच्याकडे पगाराची वाट पाहणारे पांचपन्नास कामगार.

पूर्वीं लाखेवर मोहोर उठवितांना सावकार क्षणभर थांबे. कारण त्या ठशांत घराण्याचें नांव असे. आजचें सील पोलादी खिळ्याचें आहे, त्यावर क्रमांक कोरलेला आहे, आणि तें कापल्याशिवाय निघत नाहीं. परंतु त्याचें काम बारकाईनें पाहिलें तर तें फक्त एवढेंच सांगतें कीं, दार बंद झाल्यावर कोणी आंत गेलें नाहीं. दार बंद होण्यापूर्वीं आंत काय ठेवलें, याविषयीं तें मुकें आहे. ती साक्ष माल भरणाऱ्याचीच.

पैठणचे गाडीवान वीस दिवस चालून भडोचला पोंचत, आणि तेथें कोणीतरी त्यांचें गांठोडें सोडून पाहत असे. आजच्या पेटीच्या वाटेंत तसा कोणी भेटण्याची शाश्वती नाहीं. अंतर वाढलें, वेग वाढला, आणि परीक्षा मात्र सारी पहिल्याच घरीं येऊन बसली: ज्या तासांत माल रचला जातो, वजन लिहिलें जातें आणि दार ओढलें जातें, त्या एका तासांत. जो मुकादम त्या वेळीं ओलें लांकूड बाहेर काढतो, आणि जो कारकून काट्यावरील आंकडा आहे तसा लिहितो, त्यांचीं नांवें कोठेंही छापून येत नाहींत. परंतु समुद्रावरील खलाशाचा जीव, परक्या किनाऱ्यावरील कोळ्याची चूल आणि या समुद्रहीन गांवाचा जगांतील शब्द, हीं तिन्ही त्यांच्याच हातांत असतात.